चष्म्यातून स्पष्ट, लेन्समधून धूसर: नंबर खरंच बदललाय का?

प्रश्न थोडक्यात असा. वय ३१. सात वर्षांपासून महिनाभर वापरायच्या सॉफ्ट लेन्स. उजव्या डोळ्याचा नंबर −३.२५. डाव्याचा −२.७५, सोबत सिलिंडर (म्हणजे एकाच दिशेला लागणारा जास्तीचा नंबर) −०.७५, अ‍ॅक्सिस (त्या दिशेचा कोन) १७०, म्हणून डावीकडे टोरिक, म्हणजे सिलिंडरवाली लेन्स. आठ महिन्यांत दोन ठिकाणी तपासणी झाली. एकीकडे उजवा −३.७५ निघाला, दुसरीकडे −३.२५ च. डाव्याचा सिलिंडर एकाने −०.७५ सांगितला, दुसऱ्याने −१.२५ आणि अ‍ॅक्सिस १५०. −३.७५ ची नवी लेन्स सकाळी छान चालते, दुपारनंतर धूसर होते. गेल्या वर्षीच्या चष्म्यातून मात्र अजूनही नीट दिसतं. डोळ्यामागचा पडदा (रेटिना) तपासून झाला, त्यात दोष नाही. मग नंबर हलतोय कशामुळे, आणि खरा कोणता मानायचा?

यातली सगळ्यात कामाची माहिती चष्म्याची आहे. डोळ्याचा मायनस नंबर खरोखर ०.५० ने वाढला असता, तर जुन्या चष्म्यातून दूरचं ६/९ च्या आसपास, म्हणजे सामान्य ६/६ पेक्षा कमी दिसलं असतं. तो चष्मा लावून एकेका डोळ्याने ६/६ ची ओळ आरामात वाचता येत असेल, तर डोळा जिथे होता तिथेच आहे. फक्त आधी तो चष्मा लेन्सोमीटरवर (चष्म्याच्या काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर) ठेवून त्याचा प्रत्यक्ष नंबर मोजून घ्या. कागदावर −३.२५ आणि फ्रेममध्ये −३.५० असा प्रकार वाटतो तितका दुर्मीळ नाही.

दुसरी गोष्ट, नंबर वर जाऊन परत खाली आलाय. डोळ्याची लांबी ०.१ मिमी वाढली की मायनस साधारण ०.२५ ने वाढतो, आणि वाढलेली लांबी व्यवहारात परत कमी होत नाही. म्हणजे पुढे-मागे होणारा नंबर लांबीमुळे नसतो. पुढे-मागे होणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत: डोळ्यावरचा अश्रूंचा थर, कॉर्नियातलं (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागातलं) पाणी आणि तिचा आकार, डोळ्याचा फोकस करणारा स्नायू, रक्तातली साखर, काही औषधं, स्वतः लेन्स, आणि मोजणारा माणूस. शोध याच यादीत घ्यायचा.

मोजणाऱ्यापासूनच सुरुवात करू, कारण सर्वाधिक ‘बदल’ तिथेच जन्माला येतात. एकाच डोळ्याचा नंबर दोन चांगल्या हातांनी काढला तरी ०.२५ चा फरक पडतो, त्याला बदल म्हणत नाहीत. ०.५० चा फरक पडला तर पुन्हा मोजायचं, लगेच लेन्स मागवायची नाही. मायनस जास्त निघण्याची कारणं ठरलेली आहेत. ऑटोरिफ्रॅक्टरच्या, म्हणजे नंबर आपोआप मोजणाऱ्या यंत्रात डोकावताना डोळा जवळचं बघतोय असं समजून फोकस ताणतो आणि यंत्र मायनस वाढवून छापतं. तो आकडा सुरुवातीसाठी ठीक आहे, त्यावरून लेन्स देणं चूक. नंबर काढताना आधी प्लस भिंग चढवून डोळा मुद्दाम धूसर करायचा आणि मग पाव-पावने प्लस कमी करत यायचं, ही पायरी गाळली की तरुण डोळा सहज ०.५० जास्त मायनस मागतो. मायनस वाढवल्यावर अक्षरं ‘जास्त स्पष्ट’ होताहेत की फक्त ‘लहान आणि काळी’ होताहेत, हा प्रश्न दर वेळी विचारायला हवा. नुसती लहान-काळी होत असतील तर तो पाव नंबर द्यायचा नाही. शेवटी लाल-हिरव्या तक्त्यावर हिरव्या बाजूची अक्षरं ठळक दिसली, तर मायनस जास्त झालाय हे नक्की.

खोलीची लांबीही फरक करते. तक्ता आरशाशिवाय ३ मीटरवर असेल तर अनंतावरच्या नजरेच्या मानाने मायनस ०.३३ कमी निघतो, ६ मीटरवर ०.१७ कमी. एका ठिकाणी लांब खोली आणि दुसरीकडे आखूड, एवढ्यानेच पाव नंबराच्या जवळपास निम्मा-पाऊण वाटा खपतो.

आता उजव्या डोळ्याकडे. एकतिसाव्या वर्षी डोळ्यात फोकस करायची ताकद साधारण ९ डायॉप्टर (नंबर मोजायचं एकक) असते. त्यामुळे ०.५० जास्तीची मायनस लेन्स घातली तर काहीच बिघडल्यासारखं वाटत नाही. उलट सकाळी सगळं टोकदार, काळं, ‘एचडी’ दिसतं. पण ती जास्तीची ०.५० डोळ्याचा स्नायू दिवसभर उचलून धरतो, आणि त्यावर स्क्रीनवरच्या कामाचे अडीच डायॉप्टर वेगळे. दुपारपर्यंत तो थकतो, जवळून दूर बघितलं की फोकस सुटायला वेळ लागतो, कपाळ जड होतं. सकाळी छान आणि दुपारी धूसर हे त्याच्याशी तंतोतंत जुळतं. त्यात चष्म्याचा −३.७५ हा डोळ्याला चिकटलेल्या लेन्समध्ये −३.५९ होतो. चष्मा डोळ्यापासून सुमारे १२ मिमी पुढे असतो, लेन्स नसते, म्हणून मायनस नंबर लेन्समध्ये कमी लागतो. ४.०० पर्यंत हा फरक सोडून द्यायची पद्धत आहे, पण आधीच जास्त निघालेल्या नंबरावर हीही भर पडते हे विसरू नये. मोठ्या नंबरात तर हिशेब केल्याशिवाय चालतच नाही: −६.०० चा लेन्समध्ये −५.६० होतो, −८.०० चा −७.३०, आणि +५.०० चा उलट वाढून +५.३२. सिलिंडर असेल तर दोन्ही दिशांचा वेगळा हिशेब करतात. −७.०० आणि सिलिंडर −२.०० असेल तर एका दिशेला −७.००, दुसऱ्या दिशेला −९.००, लेन्समध्ये ते −६.४६ आणि −८.१२ होतात, म्हणजे सिलिंडर दोनचा १.६६ वर येतो. चष्म्याच्या कागदावरचे आकडे जसेच्या तसे लेन्सच्या ऑर्डरमध्ये उतरवले की ‘लेन्सचा नंबर चुकतोय’ ही तक्रार ठरलेली.

जास्तीचा मायनस कायम राहिला तर स्नायूला आवळून राहायची सवयच लागते आणि पुढच्या तपासणीत तो जास्तीचा नंबर खरा असल्यासारखा निघतो. शंका असेल तर सायक्लोपेंटोलेट १% चे थेंब घालून, ३० ते ४५ मिनिटांनी स्नायू सैल झाल्यावर नंबर काढावा. थेंबाविना −३.७५ आणि थेंबानंतर −३.२५ निघाला, तर वाद मिटला. थेंबानंतर काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत जवळचं धूसर दिसतं आणि उजेड टोचतो, तेव्हा त्या दिवशी गाडी चालवू नका.

तरी दुपारच्या धूसरपणाचं सगळं खापर नंबरावर फोडू नका. अश्रूंचा थर हा डोळ्याचा पहिला भिंगाचा पृष्ठभाग आहे. तो फाटला की कुठलाही नंबर चालत नाही. स्क्रीनकडे बघताना पापण्या मिटण्याचं प्रमाण मिनिटाला पंधरा-एक वेळांवरून पाच-सहापर्यंत उतरतं, आणि बऱ्याचदा त्याही अर्धवट मिटतात. ओळखायची रीत सोपी. धूसर वाटलं की दोनदा पूर्ण, सावकाश पापण्या मिटा. लगेच स्पष्ट झालं आणि काही सेकंदांत पुन्हा विरलं, तर दोष थराचा. तपासणीत फ्लुरेसिनचा रंग घालून थर किती सेकंद टिकतो ते बघतात. दहाच्या खाली म्हणजे कमी. (रंग घालायच्या आधी सॉफ्ट लेन्स काढलेली असावी, नाहीतर ती कायमची पिवळी होते.) सकाळी अकराला मोजलेला नंबर आणि संध्याकाळी सहाला कोरड्या डोळ्यावर मोजलेला नंबर जुळत नाहीत तो याच कारणाने, आणि कोरड्या पृष्ठभागावर यंत्र खोटा सिलिंडरही दाखवतं, दर वेळी वेगळ्या अ‍ॅक्सिसवर.

पापणी मिटण्यावरून लेन्सचं बसणंही कळतं. लेन्स घट्ट असेल तर पापणी मिटल्याच्या क्षणी स्पष्ट दिसतं आणि मग धूसर होतं. सैल असेल तर मिटल्यावर आधी धूसर, मग स्थिरावून स्पष्ट. कोरडेपणा आणि घट्ट लेन्स इथे सारखेच वाटतात, म्हणून स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून बघायच्या यंत्राखाली) खात्री करावी लागते. खालच्या पापणीने लेन्स वर ढकलून सोडली की ती अडखळत परत येते का, पांढऱ्या भागावर तिचा वळ उमटलाय का, हे दोन मिनिटांचं काम आहे. बेस कर्व्ह (लेन्सच्या आतल्या गोलाईचं माप) ८.६ ची जागा ८.४ ने घेतली किंवा कंपनी बदलली तर नंबर तोच असून नजर बदलू शकते. दोन कंपन्यांच्या ८.६ सारख्या बसतील असं नाही, कारण मटेरियलचा कडकपणा आणि कडांची रचना वेगळी असते.

मग ऑक्सिजन. कॉर्नियाला रक्तवाहिन्या नाहीत, ती हवेतून श्वास घेते. जुन्या पद्धतीच्या जाड हायड्रोजेल लेन्सखाली ती हळूहळू सुजते आणि महिन्या-वर्षांत मायनस सरकत जातो, बहुधा ०.२५ ते ०.५० ने. होल्डन आणि मर्ट्झ या संशोधकांनी १९८४ मध्ये सांगितलेली मर्यादा आजही मोजपट्टी म्हणून वापरतात: दिवसा घालायच्या लेन्समधून ऑक्सिजन पारगमन (Dk/t, ऑक्सिजन आरपार जाण्याचं माप) किमान २४ आणि झोपेत घालायच्या लेन्समधून ८७. बहुतेक सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स यात बसतात, जुन्या अनेक लेन्स दुसऱ्या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत. काळ्या भागाच्या कडेला लाली, कडेवरून आत शिरणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या, लेन्स काढून चष्मा लावल्यावर अर्धा-एक तास धूसर, ही त्याची लक्षणं. इथे प्रश्न विचारणाऱ्याला चष्म्यातून नीट दिसतं, पण लेन्स काढल्याकाढल्या दिसतं की दुसऱ्या दिवशी सकाळी, हे सांगितलेलं नाही. तो तपशील बघायला हवा. लेन्स काढल्यावर लगेच चष्म्यातून धूसर आणि सकाळी स्पष्ट असेल, तर कॉर्निया सुजतेय किंवा तिचा आकार दबतोय.

उजव्या डोळ्यापेक्षा डाव्याकडे जास्त लक्ष द्यावंसं वाटतं. सिलिंडर −०.७५ वरून −१.२५ आणि अ‍ॅक्सिस २० अंशांनी फिरलेला, हे तीन प्रकारे होऊ शकतं आणि तिन्हींचं गांभीर्य अगदी वेगळं आहे.

एक, १५० हा डोळ्याचा अ‍ॅक्सिस नसून लेन्सच्या ऑर्डरचा असेल. टोरिक लेन्सवर खालच्या बाजूला खूण असते. डोळ्यावर ती खूण तपासणाऱ्याच्या डावीकडे सरकली तर तितके अंश अ‍ॅक्सिसमध्ये मिळवतात, उजवीकडे सरकली तर वजा करतात. लेन्स २० अंश उजवीकडे फिरत असेल तर १७० च्या डोळ्याला १५० ची लेन्स मागवणंच बरोबर. म्हणून कागदावरचा आकडा चष्म्याचा की लेन्सचा, ते विचारा. फिरलेल्या लेन्सने किती बिघडतं याचा अंदाज असा: १० अंश फिरली तर सिलिंडरच्या सुमारे ३५ टक्के दोष उरतो, ३० अंश फिरली तर सगळाच्या सगळा, आणि तोही तिरक्या अ‍ॅक्सिसवर. अशा लेन्सवरून भिंगं चढवून मोजलं की भलताच सिलिंडर निघतो.

दोन, लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदललाय. लेन्स काढून दहा मिनिटांत घेतलेल्या मापाला म्हणूनच फारसा अर्थ नसतो. साधी सॉफ्ट लेन्स निदान आठवडाभर, टोरिक दोन आठवडे, कडक लेन्स तीन-चार आठवडे किंवा अधिक बंद ठेवून, चष्म्यावर राहून मोजावं; आणि आठवड्याच्या अंतराने घेतलेली दोन मापं जुळेपर्यंत त्यावर विश्वास ठेवू नये.

तीन, केराटोकोनस. कॉर्निया पातळ होऊन पुढे येण्याचा हा आजार बहुधा पौगंडात किंवा विशीत सुरू होतो, पण तिशीतही लक्षात येतो. एका डोळ्याचा सिलिंडर वाढत जाणं, अ‍ॅक्सिस भटकणं, अक्षरांना खाली सावली किंवा शेपूट दिसणं, चष्मा बदलत राहूनही शेवटची ओळ कधीच स्वच्छ न दिसणं, डोळे चोळायची सवय, ही त्याची पावलं. रेटिनोस्कोपमध्ये (डोळ्यात प्रकाश टाकून नंबर बघायच्या उपकरणात) प्रकाशाची हालचाल कात्रीसारखी दिसते. पडदा तपासून हे कळत नाही, म्हणून ‘डोळा नॉर्मल आहे’ या उत्तरावर थांबायचं नाही. कॉर्नियाची टॉपोग्राफी, म्हणजे तिच्या आकाराचा नकाशा, करून घ्या, जाडीच्या मापासकट. वेदना नाहीत, दहा मिनिटांचं काम आहे. वाढ लवकर सापडली तर रायबोफ्लेविन आणि अतिनील किरणांचं क्रॉसलिंकिंग करून ती बहुतेकांत थांबवता येते. उशीर झाला तर गेलेला आकार परत येत नाही. टॉपोग्राफी नॉर्मल आली तरी ती जपून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला तीच लागते.

दोन्ही डोळ्यांचा नंबर एकाच दिशेने, काही दिवसांत किंवा आठवड्यांत हलला असेल तर विचार वेगळा करायचा. रक्तातली साखर वाढली की बहुधा मायनस वाढतो आणि उपचार सुरू होऊन ती उतरायला लागली की नंबर प्लसकडे सरकतो, कधी दोन-दोन डायॉप्टरने. साखर आटोक्यात आल्यावर सहा आठवडे तरी नवा चष्मा करू नये, वाया जातो. उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ही तपासणी अशा वेळी भिंगांच्या पेटीआधी. औषधांमध्ये टोपिरामेट लक्षात ठेवा: अर्धशिशी किंवा फेफऱ्यासाठी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत दोन्ही डोळ्यांत अचानक मोठा मायनस आणि डोळ्यातला दाबही वाढू शकतो. तेव्हा त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. सल्फा गटातल्या काही औषधांनीही असं होतं. अ‍ॅलर्जीच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्या डोळे कोरडे करतात, जवळचा फोकस ढिला पाडतात. गरोदरपणात कॉर्निया थोडी जाड होते, लेन्स बोचायला लागते; तो नंबर बाळंतपणानंतर काही महिन्यांनी पुन्हा बघायचा.

वय पुढे गेलं की कारणं बदलतात. चाळिशी लागताना मायनसवाल्याला चष्म्यापेक्षा लेन्समध्ये वाचणं आधी जड जातं. पन्नाशी-साठीनंतर एका डोळ्याचा मायनस वाढतोय आणि वाचायचा चष्मा सुटलाय, असं आनंदाने सांगणाऱ्यांच्या डोळ्यात बहुधा मोतीबिंदू पिकत असतो. एका डोळ्यात उलट प्लस वाढला, सरळ रेघा वाकड्या दिसल्या तर पडद्याखाली पाणी साचल्याची शंका घ्यायची. स्टेरॉइड घेत असाल तर गोळ्याच नव्हे, स्प्रे आणि मलमसुद्धा अशा वेळी डॉक्टरांना सांगावं.

घरी करायच्या तपासण्या फार नाहीत, पण त्या नीट करा. जाड कागदाला साधारण १ मिमीचं भोक पाडून धूसर वाटणाऱ्या डोळ्याने त्यातून बघा. स्पष्ट झालं तर दोष नंबराचा, लेन्सचा किंवा पृष्ठभागाचा. नाही झालं तर पडदा, नस किंवा डोळ्यातल्या भिंगाचा गढूळपणा, आणि तिथे नंबर बदलून उपयोग नाही. धूसर झालेली लेन्स काढून त्याच नंबराची नवीकोरी घाला; लगेच स्पष्ट झालं तर चरबी-प्रथिनांचा थर किंवा उलटी घातलेली लेन्स. डावी-उजवी अदलाबदल झाल्याचं प्रमाण कुणी कबूल करत नाही तितकं असतं, आणि इथे दोन्ही नंबर इतके जवळ आहेत की ते लगेच कळणारही नाही. महिन्याच्या लेन्सचे ३० दिवस पाकीट उघडल्यापासून मोजतात, घातलेल्या दिवसांपासून नाही. नळाचं पाणी लेन्सला किंवा डबीला लावायचं नाही. सोबत एक वही ठेवा: वेळ, कोणता डोळा, लेन्स घालून किती तास झाले, पापणी मिटल्याने फरक पडला का, आणि काढल्यावर चष्म्यातून लगेच कसं दिसलं.

काही लक्षणांत यातलं काहीच करत बसायचं नाही, लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा. अचानक अंधुक झालेला डोळा, विजेसारखे झोत, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, एका बाजूने पडदा सरकल्यासारखं, डोळा हलवताना दुखणं आणि रंग फिके पडणं, दिव्यांभोवती रंगीत वलयं आणि डोकेदुखी, एकाएकी दोन-दोन दिसणं. लेन्स घालणाऱ्याचा लाल, दुखरा, उजेड न सोसणारा डोळा हा संसर्ग समजूनच पाहायचा. पन्नाशीनंतर अंधुकपणासोबत चावताना जबडा दुखत असेल तर तासांची घाई असते.

या प्रश्नापुरतं सांगायचं तर क्रम असा ठेवा. उजवी −३.७५ ची लेन्स थांबवा. दोन आठवडे फक्त चष्मा. मग सकाळी दहाच्या सुमारास, झोप झालेली असताना, एकाच ठिकाणी पूर्ण तपासणी: चष्म्याचं लेन्सोमीटरवर माप, टॉपोग्राफी, प्लसने धूसर करून काढलेला नंबर, गरज वाटली तर थेंबानंतर पुन्हा, आणि अश्रूंच्या थराची वेळ. आठवड्याने त्याच वेळी परत. टॉपोग्राफी स्वच्छ असेल आणि दोन्ही मापं ०.२५ च्या आत जुळली, तर त्या नंबराच्या रोज टाकून द्यायच्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स चाचणीला मागा. त्या घालून, किमान पाच-सहा तासांनी, दुपारी जाऊन लेन्सवरून तपासणी करून घ्या, कारण तक्रार दुपारची आहे. त्या वेळी वर चढवलेल्या भिंगाने नजर सुधारली तर नंबरात दुरुस्ती करायची. कुठल्याच भिंगाने सुधारली नाही तर नंबर तसाच ठेवून लेन्सचं मटेरियल, बसणं किंवा कोरडेपणाचा उपचार बदलायचा. हे होईपर्यंत वर्षभराचे डबे विकत घेऊ नका, एक डबा पुरे.